असमान फरशीवर मोठे मत्स्यालय आणि त्याचे स्टँड समपातळीत बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतील ज्या मराठी घरांत मोठे मत्स्यालय ठेवण्याचा विचार चाललेला असतो, तेथून मला जवळजवळ नेहमी तेच प्रश्न विचारले जातात. मासे, वनस्पती, फिल्टर यांबद्दल माहिती सहज मिळते. परंतु टाकी ज्या फरशीवर उभी राहणार आहे त्या फरशीबद्दल पाणी भरण्यापूर्वी फारसे कोणी बोलत नाही. पुढील उत्तरे चार फूट आणि त्याहून लांब टाक्यांसाठी आहेत.

चार फुटांच्या टाकीचे वजन खरोखर किती होते?

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी धरली, तर तिचे आकारमान १६ घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे काठोकाठ ४५३ लिटर. वरची दोन इंच जागा मोकळी सोडली तरी पाणी ४१५ लिटरच्या जवळ राहते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला ३० किलो असते, त्यामुळे रिकामी टाकीच ९० किलोच्या आसपास भरते. त्यात दोन इंच खडीचा थर आणि लोखंडी स्टँड मिळवले की बेरीज ६०० किलोवर जाते, आणि मोठे दगड रचायचे असतील तर त्याहूनही पुढे. हे सगळे वजन आठ चौरस फुटांच्या जागेवर, आणि स्टँड चारच पायांचे असेल तर प्रत्येक पायावर सुमारे १५० किलो या प्रमाणात, वर्षानुवर्षे एका जागी उभे राहते. कपाट किंवा फ्रिज याबद्दलचा आपला घरगुती अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

ढाळ आणि पीळ यांत फरक काय? टाकीला धोका कशाचा?

या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे.

ढाळ म्हणजे फरशी एका बाजूला सरळ उतरलेली असणे. अशा फरशीवर स्टँडचे चारही पाय टेकतात, स्टँड डुगडुगत नाही, फक्त संपूर्ण टाकी एका बाजूला किंचित कललेली दिसते. पीळ म्हणजे तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा त्यांच्या वर किंवा खाली असणे. सत्यनारायणाच्या पूजेचा चौरंग डुगडुगू लागला की आपण त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवतो. तो चौरंग जे दाखवत असतो तोच पीळ.

रिकामे स्टँड डुगडुगते तेव्हा निदान दोष कळतो. परंतु त्यावर ६०० किलो आले की लोखंडी चौकट वाकते, अधांतरी असलेला चौथा पाय खाली जाऊन फरशीला टेकतो आणि डुगडुगणे थांबते. पाहणाऱ्याला वाटते की वजनाने सगळे बसले. प्रत्यक्षात चौकट पिळली गेलेली असते आणि तिच्यावरची काच तो पीळ घेऊ शकत नाही. लोखंड वाकते, प्लायवूड थोडे दबते, काच मात्र जेमतेम लवते आणि मग तडकते. तळाच्या काचेचा एक कोपरा आधाराविना राहतो, उभ्या सांध्यांतील सिलिकॉनवर सतत ओढ पडते, आणि तो सांधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुटू लागतो.

ढाळाबद्दल लोक जितके घाबरतात तितके घाबरण्याचे कारण नसते. चार फुटांत १० मिलिमीटर ढाळ असेल, तर खालच्या टोकाला पाण्याची उंची टाकीच्या मध्यापेक्षा ५ मिलिमीटरने वाढते. दोन फूट खोल पाण्यात ही वाढ एक टक्काही नाही, आणि तेवढ्या जास्त दाबाने चांगली टाकी फुटत नाही. पाण्याची रेघ तिरकी दिसते, ती डोळ्यांना रोज खुपते, म्हणून ढाळ दुरुस्त करावा. पीळ मात्र टाकी वाचवण्यासाठी काढावाच लागतो.

किती मिलिमीटरचा फरक चालतो?

चार फूट लांबीत ३ मिलिमीटरपर्यंतचा आणि दोन फूट रुंदीत २ मिलिमीटरपर्यंतचा ढाळ मी राहू देतो. पीळ एक मिलिमीटरपेक्षा कमी असावा, आणि सहा फुटांच्या टाकीसाठीही ही मर्यादा वाढवू नये. पुढच्या बाजूला, म्हणजे खोलीच्या दिशेने असलेला ढाळ मात्र मी अजिबात ठेवत नाही, कारण उंच आणि अरुंद स्टँडचा तोल त्याच दिशेला जात असतो.

आमच्या घराची फरशी नवी आहे आणि डोळ्यांना सपाट दिसते. तरीही मोजणे आवश्यक आहे का?

होय. इंदुरातील बहुतेक जुन्या आणि अनेक नव्या घरांत कोटा दगडाची फरशी असते. ही लादी चुनखडीची असते, तिची जाडी कडेकडेला बदलते, आणि मिस्त्री ती मसाल्यावर बसवून मग यंत्राने घासून एकसारखी करतात. घासल्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो, समपातळीत येतोच असे नाही. त्यात आपल्याकडे खोली धुऊन पाणी बाहेर काढण्याची पद्धत असल्यामुळे दाराकडे किंवा मोरीकडे मुद्दाम ढाळ दिलेला असतो. मीटरला एक सेंटिमीटर एवढा ढाळ पायाला जाणवतही नाही, परंतु चार फुटांच्या टाकीत तो १२ मिलिमीटर होतो.

तळमजल्यावर आणखी एक कारण असते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ज्या घराच्या जोत्याखालचा भराव नीट दाबलेला नसतो, तेथे खोलीच्या मधली फरशी हळूहळू खचते आणि भिंतीलगतची तशीच राहते. त्यामुळे टाकीची मागची बाजू उंच आणि पुढची बाजू खोल हा प्रकार आपल्याकडे मला सर्वाधिक आढळतो.

मोजण्यापूर्वी लादी पोकळ आहे का हेही पाहावे. पेचकसाच्या लाकडी मुठीने लादीवर हलके ठोकत जावे. भरीव लादी बसका आवाज देते, पोकळ लादी मडक्यासारखी वाजते. स्टँडचा पाय पोकळ लादीच्या कोपऱ्यावर येत असेल तर आधी ती लादी उखडून पुन्हा बसवून घ्यावी. पोकळ लादीवर केलेली कितीही बारकाईची पातळी ती लादी तडकेपर्यंतच टिकते.

फरशी कशी मोजावी?

स्टँडचे चार पाय जेथे येणार आहेत तेथे खडूने आयत आखावा आणि कोपऱ्यांना नावे द्यावीत. मग सुमारे चार फूट लांबीची पाणसळ (बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल) घ्यावी. मिस्त्रींच्या थैलीतील वीतभर लांबीची पाणसळ येथे अपुरी पडते, कारण ती फक्त एका लादीचा कल सांगते. लांब पाणसळ नसेल तर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी कडेवर उभी ठेवून तिच्यावर लहान पाणसळ ठेवावी. पाणसळ खरी आहे का हे आधी तपासावे: एका जागी ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे, मग त्याच जागी तिची टोके उलटी करून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच बाजूला, तेवढाच सरकला, तर कल फरशीचा आहे. टोके उलटल्यावर बुडबुडाही दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष पाणसळीचा आहे.

आयताच्या चारही कडांवर आणि दोन्ही कर्णांवर पट्टी ठेवून तिचे खालचे टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचलावे आणि खाली किती फट राहिली ते मोजावे. सर्वांत खोल कोपरा शून्य धरला की प्रत्येक कोपऱ्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहिता येते. एक उदाहरण घेऊ. पुढचा डावा कोपरा ०, पुढचा उजवा ४, मागचा उजवा ९ आणि मागचा डावा ३ अशी मापे आली. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करावी: पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून ९, पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ७. फरशीला केवळ ढाळ असता तर या दोन बेरजा सारख्या आल्या असत्या. येथे २ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे फरशीला २ मिलिमीटरचा पीळ आहे. ही बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो, आणि ज्यांनी ती केली त्यांना पुढचे काम नेमके काय आहे हे कळलेले असते.

दुरुस्ती करताना सर्वांत उंच कोपरा पक्का धरावा आणि बाकीचे त्याच्या पातळीला उचलावेत. वरील उदाहरणात मागच्या उजव्या पायाखाली काही नाही, पुढच्या डाव्याखाली ९, पुढच्या उजव्याखाली ५ आणि मागच्या डाव्याखाली ६ मिलिमीटर.

संपूर्ण खोलीतील कोणती जागा सर्वांत बरी हे ठरवायचे असेल तर मिस्त्रींची पारदर्शक लेव्हल नळी उत्तम. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, एवढे पथ्य पाळले की ती दहा फुटांवरच्या दोन भिंतींवर एकाच पातळीची खूण देते. तिच्यात एक-दोन मिलिमीटरची चूक राहू शकते, म्हणून पिळाचे शेवटचे माप नळीने घेऊ नये.

स्टँडमध्येच पीळ असू शकतो का?

असू शकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते, आणि डोळ्यांना काटकोनात दिसणारे स्टँड वरच्या पातळीत पिळलेले निघते. तपासण्याची रीत सोपी आहे. स्टँडच्या वरच्या चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन पातळ दोरे कर्णरेषेत ताणून बांधावेत. ते मध्यभागी एकमेकांना नुसते स्पर्श करत असतील तर चौकट सपाट आहे. मध्यभागी एक मिलिमीटर फट दिसली तर एक कोपरा इतर तिघांच्या पातळीपासून दोन मिलिमीटर हटलेला आहे, म्हणजे दिसणाऱ्या फटीच्या दुप्पट. वरचा दोरा खालच्यावर दाबला जात असेल तर फट दिसणारच नाही, म्हणून दोऱ्यांची वरखाली जागा बदलून पुन्हा पाहावे. साध्या शिवणाच्या दोऱ्याने होणारी ही तपासणी मी स्टँड घरी आणण्यापूर्वी वेल्डिंगच्या दुकानातच करतो, कारण तेथे तापवून, ठोकून चौकट सरळ करता येते. ही चाचणी टाकी ठेवण्यापूर्वी, पायांखालचे पॅकिंग (फट भरून काढणारे तुकडे) झाल्यावर, पुन्हा एकदा करावी.

पॅकिंग टाकीखाली द्यावे की स्टँडखाली?

नेहमी स्टँडखाली. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर, पुठ्ठा किंवा पट्टी सरकवली की काचेला त्या एकाच ठिकाणी आधार मिळतो आणि शेजारची काच अधांतरी राहते. तळाची काच तडकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

पॅकिंगसाठी कोणती वस्तू वापरावी?

जी दबत नाही, पाणी पीत नाही आणि गंजत नाही ती. स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे, २ आणि ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक, किंवा कडक प्लास्टिकच्या चकत्या चालतात. हे सगळे सियागंजातील हार्डवेअरच्या दुकानांत मिळते आणि हव्या त्या मापाचे कापून घेता येते. प्रत्येक तुकडा पायाच्या संपूर्ण तळाखाली यावा. नुसत्या कडेखाली सरकवलेला तुकडा पाय तिरका करतो. पायाखाली चार इंच चौरस लोखंडी प्लेट वेल्ड करून घेतली तर वजन पसरते आणि लादीच्या कडाही वाचतात. एका पायाखाली फार तर तीन तुकडे असावेत. त्याहून जास्त लागत असतील तर एक जाड तुकडा घ्यावा. लाकडी पाचर कोरड्या खोलीत टिकते, परंतु मत्स्यालयाजवळची फरशी कोरडी राहत नाही.

पुठ्ठा आणि वर्तमानपत्राची घडी यांबद्दल मला स्वतःच्या घरातले सांगायचे आहे. आमच्या रामबागेतील घरी चार फुटांची टाकी बसवली गेली तेव्हा मागचा उजवा पाय फरशीपासून थोडा वर होता. बसवणाऱ्या कारागिराने खोक्याचा पुठ्ठा चौपदरी करून खाली सरकवला, स्टँड डुगडुगायचे थांबले, आणि त्यावर मीही समाधान मानले. फरशी रोज पुसली जात होती, पाणी बदलताना थोडे सांडत होते, त्यात पावसाळा आला. श्रावणातल्या एका पहाटे आई देवघराकडे निघाली असता तिच्या अनवाणी पायाला ओल लागली. मागच्या उजव्या कोपऱ्याचा उभा सांधा खालून चार बोटे सुटला होता आणि त्यातून पाण्याची बारीक धार काचेला धरून उतरत होती. आम्ही बादल्या आणि घमेली भरून मासे वाचवले, टाकी रिकामी केली, आणि दुपारी स्टँड उचलले तेव्हा त्या चौपदरी पुठ्ठ्याचा लगदा होऊन तो पापडाएवढा पातळ झालेला होता. पाय तेवढाच खाली गेला होता आणि सगळा पीळ टाकीने घेतला होता. त्या दिवसापासून कागद, पुठ्ठा, रबराची चप्पल कापून केलेले तुकडे यांपैकी काहीही मी कोणाच्याही टाकीखाली राहू दिलेले नाही.

थर्माकोल किंवा फोमची चटई घातली तर पातळी आपोआप जुळते ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. १० ते १२ मिलिमीटरचा थर्माकोल किंवा ५-६ मिलिमीटरची फोमची चटई टाकी आणि स्टँड यांच्यामधील बारीक कण, वेल्डिंगचे उंचवटे, प्लायवूडची खरबरीत जागा सामावून घेते आणि काचेला सर्वत्र सारखा आधार देते. एवढेच तिचे काम. दोन-तीन मिलिमीटरचा पीळ ती झाकते, काढत नाही. संपूर्ण तळ टेकणाऱ्या, चौकट नसलेल्या टाकीखाली ती अवश्य घालावी. ज्या टाकीला खाली प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच त्या चौकटीत थोडी वर उचललेली असते, तिच्याखाली मात्र घालू नये, कारण चटई मध्यभागी फुगून काचेला वर ढकलते.

लोखंडी स्टँड घ्यावे की प्लायवूडचे?

दोन्ही चालतात, त्यांचे पॅकिंग वेगळे असते. लोखंडी स्टँडला मोजके पाय असल्यामुळे प्रत्येक पाय स्वतंत्रपणे जुळवता येतो. पाच-सहा फुटांच्या टाकीसाठी मध्ये आणखी दोन पाय असतात. आधी चार कोपरे पक्के करावेत आणि मग मधल्या पायांखालची फट भरावी. मधल्या पायांखाली जास्त पॅकिंग घातले गेले तर स्टँड मध्यावर तोलले जाते आणि दोन्ही टोके लोंबतात. मधल्या पायाखालचा तुकडा बोटांनी ओढल्यास कष्टाने निघावा, हातोडीने ठोकून घालावा लागू नये.

प्लायवूडचे कपाटवजा स्टँड खालच्या संपूर्ण कडेवर उभे राहते. त्याच्या फक्त चार कोपऱ्यांखाली तुकडे घातले तर मधली उभी फळी, जिच्यावर टाकीचा मध्यभाग असतो, ती अधांतरी राहते. म्हणून प्रत्येक उभ्या फळीखाली पॅकिंग द्यावे, आणि मधली फट कोरडसर सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरून घ्यावी. मसाला आणि लाकूड यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद ठेवला म्हणजे ओल वर चढत नाही आणि पुढे स्टँड हलवताही येते. मसाल्यावर काही दिवस पाणी मारून तो पक्का झाल्याखेरीज टाकी ठेवू नये.

फिरवून उंची बदलता येणारे बोल्ट लावून घ्यावेत का?

लोखंडी स्टँडला अवश्य लावून घ्यावेत, मात्र ते जाड असावेत, १२ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावेत, आणि खाली रुंद चकती असावी. बोल्ट जितका कमी बाहेर काढावा लागेल तितका बरा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला बोल्ट बाजूने धक्का बसल्यास वाकू शकतो. पातळी जुळली की वरचा चेक नट, म्हणजे बोल्ट फिरू न देणारा दुसरा नट, घट्ट आवळावा. फर्निचरच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे बूट या वजनासाठी नाहीत.

फरशीवरच नवा सपाट थर टाकून घेणे योग्य ठरेल का?

फरक १५ मिलिमीटरच्या पुढे असेल, किंवा सहा फुटांची टाकी कायमची एका जागी ठेवायची असेल, तर योग्य ठरेल. मसाल्याचा थर देऊन त्यावर कोटा दगडाची किंवा ग्रॅनाइटची एकसंध लादी पाणसळ लावून बसवून घ्यावी. गुळगुळीत घासलेल्या फरशीवर थेट टाकलेला पातळ थर पकड घेत नाही आणि पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून खालची फरशी आधी छिन्नीने टोचून खडबडीत करावी लागते. भाड्याच्या घरात हे करता येत नाही. तेथे बोल्ट आणि पत्र्याचे तुकडे पुरेसे आहेत.

वरच्या मजल्यावर किंवा राजवाड्याजवळच्या जुन्या लाकडी मजल्याच्या घरात मोठी टाकी ठेवता येईल का?

सिमेंटच्या स्लॅबवर ठेवता येते, परंतु विचारून. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतका वापराचा भार धरलेला आहे. आपल्या टाकीखाली हा आकडा ८०० च्या पुढे जातो. हा भार खोलीच्या लहानशा भागावरच असतो आणि स्लॅब तो आजूबाजूला वाटून देतो, म्हणून भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवलेल्या टाक्या वर्षानुवर्षे उभ्या आहेत. तरीही चार फुटांपुढील टाकीसाठी इमारतीचे नकाशे स्ट्रक्चरल इंजिनियरना दाखवूनच निर्णय घ्यावा. बाल्कनीत किंवा भिंतीबाहेर आलेल्या स्लॅबवर ठेवू नये.

लाकडी तुळयांवर फळ्या टाकलेल्या जुन्या मजल्यांवर मोठी टाकी ठेवू नये असेच माझे मत आहे. तेथे लाकडाचे वय, वाळवी आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके यांपैकी काहीच वरून दिसत नाही, शिवाय माणूस चालला तरी मजला लवतो आणि आज जुळवलेली पातळी उद्या राहत नाही. लहान टाकी ठेवायचीच असेल तर ती तुळयांना आडवी, म्हणजे एकाहून अधिक तुळयांवर भार जाईल अशी, आणि भिंतीलगत ठेवावी.

पाणी भरून पातळी कशी तपासावी?

पाणी हीच सर्वांत खरी पाणसळ आहे. खडी, दगड, वनस्पती काहीही न घालता टाकी नुसत्या पाण्याने भरून पाहावी. आपल्याकडे नर्मदेचे पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येते, त्यामुळे चाचणीसाठी ४०० लिटर खर्च करणे जिवावर येते हे मला ठाऊक आहे. चाचणीला बोअरिंगचे पाणी चालते, आणि नंतर ते बागेला किंवा फरशी धुण्याला वापरता येते; ही चाचणी मात्र टाळू नये.

प्रथम चार बोटे पाणी भरावे आणि चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहावे. याच वेळी सर्व दुरुस्ती करायची असते: पाणी काढावे, टाकी दोघा-तिघांनी उतरवावी, पॅकिंग बदलावे. मापे जुळली की पाव टाकी भरून तासभर थांबावे, मग अर्धी, मग पूर्ण, आणि प्रत्येक वेळी तीच चार मापे घ्यावीत. थोडासा ढाळ उरला असला तरी मापांतील फरक प्रत्येक टप्प्यावर तोच राहिला पाहिजे. भरताना तो वाढत गेला तर एक पाय खचतो आहे, आणि तेथेच थांबावे. पूर्ण भरलेली टाकी दोन दिवस तशीच ठेवावी, चारही बाजूंना खाली कोरडा कागद पसरावा, म्हणजे एक थेंब गळला तरी डाग दिसेल. उभ्या सांध्यांतील सिलिकॉन हाताच्या दिव्याने नीट पाहावे. पूर्वी नसलेली पांढरी रेघ किंवा बुडबुड्यांची ओळ दिसली तर सांध्यावर ओढ आहे.

टाकी भरल्यावर कल दिसला. जॅक लावून एक बाजू उचलून पॅकिंग घालता येईल का?

कृपया असे करू नये. भरलेल्या टाकीची एक बाजू उचलताना जो पीळ बसतो तो फरशीच्या दोषापेक्षा कितीतरी मोठा असतो. तीन-चार मिलिमीटरचा निव्वळ ढाळ असेल, पीळ नसेल, आणि दोन आठवड्यांत मापे बदलली नसतील, तर तशीच राहू द्यावी. पीळ असेल तर मासे जुन्या पाण्यासह बादल्यांत काढून हवेचा पंप लावावा, फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवावा, आणि टाकी पूर्ण रिकामी करून, खडीसुद्धा काढून, मगच स्टँडला हात लावावा. अर्धा दिवस जातो, परंतु मासे आणि टाकी दोन्ही सुखरूप राहतात.

फोनमधील लेव्हलचे ॲप चालेल का?

अंदाज घेण्यासाठी चालेल. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसत नाही आणि त्याची लांबी जेमतेम वीतभर असते, म्हणून त्यावर अखेरचा निर्णय घेऊ नये.

संप (मुख्य टाकीतून सांडणारे पाणी गाळण्यासाठी खाली ठेवलेली दुसरी टाकी) असलेल्या टाकीत पातळीचे महत्त्व अधिक असते का?

असते. कंगव्यासारख्या दात्यांवरून पाणी खाली सोडणारी टाकी कललेली असेल तर सगळे पाणी एका टोकावरून पडते, दुसऱ्या टोकाला पृष्ठभागावर तेलकट साय जमते आणि आवाजही वाढतो. अशा टाकीत लांबीचा ढाळ मी एक मिलिमीटरच्या आत आणतो.

घरात लहान मुले आहेत. स्टँड भिंतीला बांधावे का?

रुंदीच्या दुपटीपेक्षा उंच असलेले स्टँड वरच्या बाजूला लोखंडी पट्टीने भिंतीला धरून ठेवावे. पातळी पूर्ण जुळल्यावरच पट्टी आवळावी, नाहीतर पट्टीच स्टँडला ओढून नवा पीळ देते.

एकदा जुळवलेली पातळी पुन्हा केव्हा तपासावी?

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पाण्याच्या रेघेची चार मापे घ्यावीत आणि ती स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावीत. त्यानंतर वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या अखेरीस माती पूर्ण आकसलेली असताना आणि एकदा भाद्रपदात ती पूर्ण फुगलेली असताना. तळमजल्यावरील घरात पहिल्या पावसाळ्यानंतरचे माप चुकवू नये. जुन्या आणि नव्या मापांच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा ताडून पाहाव्यात. दोन्ही बेरजांतील फरक पूर्वीइतकाच असेल तर फरशी ढाळात हलली आहे आणि थांबून पाहता येते. तो फरक वाढला असेल तर त्याच आठवड्यात टाकी रिकामी करून कोणता पाय सैल झाला ते शोधावे.